रोजावरचा वैमानिक : कायदा आणि हिशेब
(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या भाच्याचें अमेरिकेंतून एक पत्र आलें. हा मुलगा तिकडेच जन्मला आणि तिकडेच वाढला. टेक्सासमध्यें राहतो व खासगी जेट विमानें चालवितो. एका उद्योगसंस्थेच्या पदरीं तो पगारी वैमानिक होता. पुढें ती संस्था विकली गेली, तिचें विमान विकलें गेलें आणि त्याबरोबर याची नोकरीहि गेली. थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका धनिकाकडून विचारणा झाली : ‘महिन्यांतून सात-आठ दिवस आमचें विमान चालवा. दररोजचे इतके डॉलर देऊं. पगार नाहीं, करार आहे.’ पत्रासोबत त्या कराराचा मसुदा होता. मसुदा एका पानाचा आणि त्याखालीं भाच्याचा प्रश्न एका ओळीचा : ‘मामा, सही करूं का?’

मी व्यवसायानें हिशेबतपासनीस. विमान मीं प्रवाशाच्या खुर्चींतूनच पाहिलेलें आहे. परंतु करार आणि हिशेब यांच्याशीं माझा जन्म गेला. शिवाय भाच्यानें तिकडील एका वकिलाचा व एका कर-सल्लागाराचा सल्ला घेतला व त्यांचीं उत्तरें मला कळविलीं. त्या पत्रव्यवहारांतून जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें. आपल्या घरांतील मुलें-मुली आतां वैमानिक होऊं लागल्या आहेत. आणि पगाराऐवजीं करारावर काम करण्याची रीत तर सर्वच व्यवसायांत शिरली आहे. तेव्हां हा प्रश्न एका भाच्यापुरता नाहीं.

प्रथम या कामाचें स्वरूप पाहूं. अमेरिकेच्या हवाई नियमावलींत तीन भाग वारंवार कानीं पडतात. भाग १२१ हा मुख्यतः वेळापत्रकानें चालणाऱ्या मोठ्या विमानकंपन्यांचा. भाग १३५ हा मागणीप्रमाणें विमान भाड्यानें देणाऱ्यांचा. त्या व्यवसायास चार्टर म्हणतात. भाग ९१ हा सर्वसाधारण नियमांचा असून, स्वतःच्या कामासाठीं स्वतःचें विमान उडविणारा मालक तेवढ्याच नियमांखालीं येतो. सोप्या शब्दांत सांगावयाचें तर घरची मोटार आणि टॅक्सी यांत जो भेद आहे, तोच भाग ९१ आणि भाग १३५ यांत आहे. टॅक्सीला परवाना लागतो, तपासणी लागते, चालकाच्या कामाच्या तासांना मर्यादा लागते. घरच्या मोटारीला यांतील पुष्कळसें लागत नाहीं. हा भेद आपण ध्यानांत ठेवावा, कारण पुढें सगळें प्रकरण याच भेदापाशीं येऊन थांबणार आहे.

आतां एखाद्या मालकाचें जेट विमान आहे. त्याला दोन वैमानिक लागतात. एक कायमचा नेमलेला असतो; परंतु विमान रोज उडत नाहीं, म्हणून दुसऱ्याला वर्षभर पगार देणें मालकाला जड वाटतें. कधीं कायमचा वैमानिक आजारी पडतो, कधीं तो प्रशिक्षणास जातो, कधीं सुट्टी घेतो. अशा वेळीं रोजावर येणारा वैमानिक हवा असतो. यालाच तिकडे कंत्राटी वैमानिक म्हणतात. त्याचा रोज पाहिला तर डोळे दिपतात. एका दिवसाचें शुल्क कित्येकांच्या आठवड्याच्या पगाराइतकें असतें. परंतु रोज आणि उत्पन्न या दोन वेगळ्या वस्तू आहेत, ही गोष्ट हिशेबाला बसल्यावांचून कळत नाहीं.

पहिला प्रश्न कायद्याचा आहे : असा वैमानिक हा चाकर कीं स्वतंत्र व्यावसायिक? करारांत काय लिहिलें आहे यावर हें ठरतें असें पुष्कळांना वाटतें. तें तसें नाहीं. आपल्याकडील उदाहरण घ्या. लग्नासाठीं आपण आचारी बोलावितों. तो आपले झारे, आपली माणसें घेऊन येतो, पानें किती तें विचारतो, ठरलेली रक्कम घेतो आणि निघून जातो. उद्यां तो दुसऱ्याच्या लग्नांत असतो. हा स्वतंत्र व्यावसायिक. उलट घरीं रोज येणाऱ्या स्वयंपाकिणीबाईंना आपण आज काय करावयाचें तें सांगतों, भांडीं आपलीं, शेगडी आपली, वेळ आपली. त्यांच्याशीं आपण कागदावर ‘स्वतंत्र कंत्राट’ असें लिहून घेतलें म्हणून नात्याचें स्वरूप पालटत नाहीं.

अमेरिकेचें करखातें नेमकी हीच कसोटी लावतें. त्याच्या तीन बाजू आहेत. काम कसें करावयाचें यावर ताबा कोणाचा, ही पहिली. पैशाच्या व्यवहारावर ताबा कोणाचा, म्हणजे साधनें कोणाचीं, खर्च कोणाचा आणि नफा-तोट्याचा धोका कोणाचा, ही दुसरी. उभयतांचें नातें कसलें, तें तात्पुरतें कीं अखंड, त्यांत रजा-निवृत्तिवेतनासारखे लाभ आहेत कीं नाहींत, ही तिसरी. या कसोटीवर वैमानिकास उभें केलें म्हणजे मालकाची बाजू पुष्कळदां लंगडी पडते. विमान मालकाचें, इंधन मालकाचें, निघण्याची वेळ मालकाची. वैमानिकाजवळ स्वतःचें म्हणून परवाना, कानाला लावावयाचा हेडसेट आणि एक बॅग. तो चार मालकांकडे मोजके दिवस काम करीत असेल, तर स्वतंत्र व्यावसायिक म्हणवून घेण्यास कांहीं आधार आहे. परंतु एकाच मालकाकडे महिनोन् महिने त्याच्याच सांगण्यावरून जात असेल, तर कागदावर कांहींहि असो, तो चाकरच ठरण्याचा संभव मोठा. शंका असल्यास एस्-एस्-८ नांवाचा नमुना भरून करखात्याकडूनच निर्णय मागतां येतो. निर्णय विरुद्ध गेला तर न भरलेले कर आणि दंड यांचा भार मुख्यतः मालकावर येतो, आणि म्हणूनच शहाणा मालकहि या प्रश्नाकडे काणाडोळा करीत नाहीं.

या भेदाचा पैशाशीं संबंध काय, तो आतां पाहूं. अमेरिकेंत पगारदाराच्या वेतनांतून सामाजिक सुरक्षेचा व वृद्धांच्या वैद्यकीय साहाय्याचा कर म्हणून ७.६५ टक्के कापले जातात आणि तितकेच मालक आपल्या खिशांतून भरतो. स्वतंत्र व्यावसायिकास मालक नाहीं. म्हणून दोन्ही हिस्से, म्हणजे १५.३ टक्के, त्यालाच भरावे लागतात. हा आयकर नव्हे; आयकर याच्यावर निराळा.

एक हिशेब मांडून पाहूं. आंकडे मीं समजुतीसाठीं घेतले आहेत. समजा, रोज १,००० डॉलर आणि वर्षांत कामाचे दिवस १००. जमा झाले १,००,००० डॉलर. प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, न मिळालेला प्रवासखर्च, जबाबदारीचा विमा, हिशेबनिसाची फी मिळून धंद्याचा खर्च समजा २५,००० डॉलर. राहिले ७५,०००. कायद्याप्रमाणें यांतील ९२.३५ टक्के रकमेवर १५.३ टक्के, म्हणजे सुमारें १०,६०० डॉलर या एकाच करांत गेले. तितक्याच पगाराच्या नोकराच्या वेतनांतून यासाठीं ५,७०० च्या आसपास कापले गेले असते. यापैकीं निम्मी रक्कम आयकराच्या हिशेबांत वजा मिळते हें खरें. परंतु ती सवलत झाली, परतफेड नव्हे. याखेरीज स्वतःच्या आणि कुटुंबाच्या आरोग्याचा विमा स्वतःच्या पैशानें, निवृत्तीची तरतूद स्वतःच्या पैशानें, आणि आजारी पडल्यास त्या दिवसाचा रोज शून्य. लाखाच्या जमेंतून घरखर्चाला किती उरतात, याचा विचार श्रोत्यांनींच करावा.

आणखी एक बारीक गोष्ट. पगारदाराचा कर महिन्याच्या महिन्यास कापला जातो, म्हणून तो त्याला टोंचत नाहीं. स्वतंत्र माणसानें आपला कर स्वतः अंदाजून वर्षांतून चार वेळां भरावयाचा असतो : १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढील १५ जानेवारी. माझ्या भाच्यासारख्या तरुणांची फजिती येथेंच होते. मार्चमध्यें पुष्कळ उड्डाणें झालीं, बँकेंत रक्कम दिसली, नवी मोटार आली. आणि एप्रिलच्या पंधरवड्यांत सरकारचें देणें द्यावयास हातांत कांहीं नाहीं. यावर उपाय एकच आणि तो आपल्या आजीबाईंना ठाऊक होता. धान्य घरांत येतांच पेवांत घालावयाचें तें आधीं बाजूला काढावयाचें. प्रत्येक बिलाचा पैसा आला कीं त्याच दिवशीं तिसरा हिस्सा निराळ्या खात्यांत टाकावा व तो आपला नाहींच असें समजावें.

मात्र खर्चाच्या बाबतींत स्वतंत्र व्यावसायिकाला एक मोठा लाभ आहे. जेट विमानाची गंमत अशी कीं, परवाना एकदां मिळाला म्हणजे संपलें असें होत नाहीं. प्रत्येक जातीच्या जेट विमानासाठीं मुख्य वैमानिकास निराळी पात्रता मिळवावी लागते. तिला टाइप रेटिंग म्हणतात. एका जातीचें विमान चालविणारा दुसऱ्या जातीच्या विमानांत मुख्य वैमानिक म्हणून बसूं शकत नाहीं. त्यावर दर बारा महिन्यांच्या मुदतींत प्राविण्याची परीक्षा. त्यावर प्रवासी न्यावयाचे तर मागील ९० दिवसांत तीन उड्डाणें व तीन अवतरणें झालेलीं असलीं पाहिजेत. ही परीक्षा बहुधा सिम्युलेटरवर, म्हणजे विमानाच्या हुबेहूब प्रतिकृतींत होते आणि तिचें शुल्क हजारों डॉलरांच्या घरांत जातें. नोकरींत हें सारें मालक भरतो. रोजावरच्या माणसाला तें स्वतः भरावें लागतें, आणि ज्या जातीच्या विमानासाठीं त्यानें पैसे ओतले त्या जातीचीं विमानें त्याच्या गांवांतून कमी झालीं तर ते पैसे बुडाले.

परंतु हा खर्च त्याला उत्पन्नांतून वजा करतां येतो. पगारदारानें स्वतःच्या खिशांतून असा खर्च केला तर २०१८ सालापासून अमेरिकन संघराज्याच्या आयकरांत त्याला वजावट मिळत नाहीं. येथें एक अट विसरूं नये. जो व्यवसाय आपण करीत आहों त्यांतील कौशल्य टिकविण्यासाठीं वा वाढविण्यासाठीं घेतलेलें शिक्षण वजा होतें. नव्या व्यवसायांत शिरण्यासाठीं घेतलेलें होत नाहीं. म्हणजे वैमानिक होण्यासाठीं केलेला पहिला खर्च धंद्याचा खर्च म्हणून दाखवितां येत नाहीं. पावत्या मात्र एकूणएक जपाव्या. पावतीवांचूनचा खर्च हा करखात्याच्या दृष्टीनें पुष्कळदां झालेलाच नसतो.

आपल्या इकडच्या आई-बापांसाठीं येथें एक सूचना करणें अवश्य आहे. माझा भाचा अमेरिकेचा नागरिक आहे, म्हणून त्याला चार मालकांकडे जातां येतें. येथून एच्-१-बी नांवाच्या परवान्यावर तिकडे गेलेल्या माणसास, ज्या मालकानें त्याच्यासाठीं अर्ज केला त्याच्याकडेच काम करतां येतें. मधल्या दिवसांत दुसऱ्याचें विमान रोजावर चालविणें हा त्याच्या बाबतींत परवान्याचा भंग होईल. कायम वास्तव्याचा किंवा खुल्या कामाचा परवाना हातीं नसतां ‘तिकडे जाऊन स्वतंत्रपणें उडेन’ असें कोणी म्हणत असेल तर त्याला वेळींच सावध करावें.

आतां विम्याकडे वळूं. मसुद्यांतील कराचा प्रश्न पैशानें सुटणारा होता. विम्याचा प्रश्न घरदार बुडविणारा होता. मालकाच्या विमानाला विमा असतोच. पण विमा-पत्रांत वैमानिकाविषयीं एक कलम असतें. त्यांत एक तर वैमानिकांचीं नांवें दिलेलीं असतात, नाहीं तर त्यांची किमान पात्रता सांगितलेली असते : एकूण इतके तास, या जातीच्या विमानावर इतके तास, प्रशिक्षण अमुक महिन्यांच्या आंत. खुर्चींत बसलेला माणूस त्या कलमांत बसत नसेल तर अपघातानंतर विमा-कंपनी भरपाई नाकारूं शकते. मालक फोनवर ‘आमचा विमा आहे, काळजी नको’ असें म्हणतो तेव्हां तो खोटें बोलत नसतो. त्यानें तें कलम वाचलेलेंच नसतें.

याहून गहन गोष्ट दुसरी आहे. विमा-कंपनीनें मालकाला भरपाई दिली म्हणजे, ज्याच्या चुकीनें नुकसान झालें त्याच्याकडून ती वसूल करण्याचा मालकाचा हक्क कंपनीकडे येतो. आणि चूक कोणाची? हवाई नियमांप्रमाणें विमानाची प्रत्यक्ष जबाबदारी मुख्य वैमानिकाची आणि अंतिम अधिकारहि त्याचाच. पगारी वैमानिक हा मालकाचा माणूस म्हणून सामान्यतः त्याच विम्याच्या छत्राखालीं असतो. रोजावरचा वैमानिक मात्र त्या छत्राबाहेर राहूं शकतो. म्हणजे धावपट्टीवर चाक घसरलें, पंख मोडला, मालकाला लाखों डॉलर मिळाले, आणि तेच लाखों डॉलर विमा-कंपनीनें वैमानिकाकडून मागितले, अशी पाळी येऊं शकते. म्हणून करारांत दोन वाक्यें हवींत. एक, विमा-पत्रांत वैमानिकाचें नांव मालकाप्रमाणेंच संरक्षित व्यक्ति म्हणून घातलें जाईल. दुसरें, वैमानिकाविरुद्ध वसुलीचा हक्क विमा-कंपनी सोडीत आहे. आणि या दोन्ही गोष्टी मालकाच्या तोंडून नव्हे, तर विमा-कंपनीच्या किंवा तिच्या दलालाच्या लेखी दाखल्यानें, उड्डाणाच्या आधीं हातीं आल्या पाहिजेत.

‘मीं स्वतःची एक मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली तर?’ असें भाच्यानें विचारलें होतें. कंपनीच्या नांवानें बिल करणें, खातें निराळें ठेवणें याला ती उपयोगी पडते. परंतु स्वतःच्या हातून घडलेल्या हयगयीची जबाबदारी कंपनीच्या पाटीमागें लपवितां येत नाहीं. शिवाय पगारी नोकरास कामावर इजा झाल्यास मिळणारी भरपाई स्वतंत्र व्यावसायिकाला मिळत नाहीं, आणि वैद्यकीय दाखला गेला तर उत्पन्नच थांबतें. त्यासाठीं अपघाताचा व परवाना गमावण्याचा विमा स्वतः उतरवावा. रोज ठरवितांना हा खर्च रोजांत धरलेला असला पाहिजे.

आतां आपण सुरवातीच्या मोटार-टॅक्सीच्या भेदाकडे परत येऊं. मालक स्वतःच्या विमानांतून स्वतः जात आहे, तोंवर कांहीं अडचण नाहीं. परंतु विमान बाळगणें अतोनात महाग. मग मालकाच्या मनांत येतें कीं, आपण बसून आहों त्या दिवशीं कोणी मित्र घेऊन गेला आणि त्यानें चार पैसे दिले तर काय बिघडलें? बिघडतें तें असें कीं, पैसे घेऊन लोकांना नेलें कीं तो चार्टरचा धंदा झाला, आणि त्याला भाग १३५ चें प्रमाणपत्र हवें. त्या भागांत वैमानिकाचें प्रशिक्षण व परीक्षा त्या त्या कंपनीच्या कार्यक्रमाप्रमाणें व्हाव्या लागतात, कामाच्या तासांना मर्यादा असते आणि मादक पदार्थांची तपासणी असते. हें सारें टाळण्यासाठीं कागद रंगविले जातात. विमान मित्राला ‘केवळ विमान’ म्हणून भाड्यानें दिल्याचें दाखवितात. आणि वैमानिक मात्र मालकच पाठवितो. विमान आणि वैमानिक एकाच हातून आले कीं तो करार भाड्याच्या विमानाचा नसून प्रवासी-वाहतुकीचा आहे, असें सरकारी खातें मानतें. कायद्यानें कांहीं मोजके अपवाद ठेवले आहेत. उदाहरणार्थ, लेखी करारानें विमान व वैमानिक दुसऱ्याच्या वापरास देऊन इंधन, उतरण्याचें शुल्क यांसारखे ठराविक खर्च आणि वर इंधनाच्या खर्चाइतकी जादा रक्कम घेण्याची सोय आहे. परंतु त्यापलीकडे गेलें कीं पाऊल घसरलें.

या घसरलेल्या पावलाचीं दोन उदाहरणें सांगतों. २ फेब्रुवारी २००५ रोजीं न्यू जर्सीमधील टीटरबोरो विमानतळावर एक चॅलेंजर जेट उड्डाण करतांना जमीन सोडीना. तें धावपट्टी संपवून, रस्ता ओलांडून समोरच्या गुदामांत शिरलें. विमानांत अकरा माणसें होतीं. सर्वांचे प्राण वांचले, पण कित्येकांना जबर दुखापत झाली. चौकशींत आढळलें कीं, विमानाचा भार पुढील बाजूस प्रमाणाबाहेर होता व वैमानिकांनीं तो नीट तपासला नव्हता. आणि याचबरोबर हेंहि आढळलें कीं, तें विमान चालविणाऱ्या संस्थेजवळ चार्टरच्या धंद्याचें स्वतःचें प्रमाणपत्र नव्हतें. दुसऱ्याच्या प्रमाणपत्राच्या आडून तो धंदा चालला होता. २००९ सालीं फौजदारी खटला उभा राहिला आणि त्यांत संबंधितांना शिक्षा झाल्या.

दुसरें उदाहरण अधिक करुण आहे. विमान जेट नव्हतें, एका इंजिनाचें लहान विमान होतें. परंतु प्रश्न तोच होता. २१ जानेवारी २०१९ च्या रात्रीं एमिलियानो साला हा अवघ्या अठ्ठावीस वर्षांचा अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू फ्रान्समधील नाँत येथून वेल्समधील कार्डिफला निघाला होता. विमान इंग्लिश खाडींत कोसळलें. तो गेला आणि वैमानिकहि गेला. ब्रिटिश चौकशींत दिसून आलें कीं, वैमानिकाला खासगी उड्डाणाचा परवाना होता, पैसे घेऊन उड्डाण करण्याचा नव्हता, आणि रात्रीं उडण्याची पात्रताहि त्याच्यापाशीं नव्हती. ज्या गृहस्थानें हें उड्डाण जमविलें होतें त्याला २०२१ सालीं कार्डिफच्या न्यायालयानें अठरा महिन्यांची शिक्षा दिली. कागदांवरील एका शब्दाचा फरक, खासगी कीं भाड्याचें, हा केवळ वकिलांच्या वादाचा विषय नाहीं, हें या रात्रीवरून कळावें.

म्हणून मीं भाच्याला लिहिलें : विमानांत चढण्यापूर्वीं तीन प्रश्न विचार. विमान कोणाच्या ताब्यांत आहे? मला कोणी नेमलें? आणि पाठीमागें बसलेला माणूस कोणाला कशाचे पैसे देत आहे? उत्तरें जुळत नसतील तर उतर. कारण सरकारी खातें मालकाला दंड करील, पण तुझा परवाना काढून घेईल. मालक दंड भरून उद्यां दुसरा वैमानिक आणील; तुझ्या पोटाचें साधन मात्र त्या एका परवान्यावांचून दुसरें नाहीं. ‘मला ठाऊक नव्हतें’ हें उत्तर मुख्य वैमानिकाच्या तोंडीं शोभत नाहीं आणि चालतहि नाहीं.

आपल्या देशांतील स्थितीहि थोडक्यांत सांगतों. १९३४ चा विमानविषयक कायदा जाऊन त्याच्या जागीं २०२४ चा भारतीय वायुयान अधिनियम आला व तो १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आहे. आपल्याकडेहि खासगी म्हणून नोंदलेलें विमान भाड्यानें देतां येत नाहीं. त्यासाठीं नागरी विमान महासंचालनालयाचा अनियमित वाहतुकीचा परवाना लागतो. वैमानिकाला वेतन म्हणून रक्कम मिळत असेल तर तिच्यांतून वेतनाच्या दरानें कर कापला जातो. व्यावसायिक शुल्क म्हणून मिळत असेल तर सामान्यतः १० टक्के कापले जातात. या दहा टक्क्यांनीं कित्येक जण फसतात. कर एवढाच, असें समजून ते उरलेले खर्च करून टाकतात, आणि विवरणपत्र भरतांना वरच्या टप्प्याचा कर एकदम पुढें उभा राहतो. शिवाय सेवांचें वार्षिक उत्पन्न सामान्यतः २० लाखांवर गेलें म्हणजे वस्तु व सेवा करासाठीं नोंदणी करावी लागते. आणि निर्वाह-निधि, उपदान, रजा हीं नोकरीचीं अंगें करारांत नसतात. पद्धती निराळ्या, पण तत्त्व एकच : कराराच्या शुल्काची तुलना पगाराच्या आंकड्याशीं सरळ करूं नये.

आतां मसुद्याकडे. त्या एका पानांत रोज किती हें होतें. बाकी कांहीं नव्हतें. आम्हीं जीं कलमें घालण्यास सुचविलीं तीं सांगतों, कारण कोणत्याहि कराराच्या कामांत तीं उपयोगी पडतील. दिवस म्हणजे काय? घरून निघाल्यापासून कीं विमान उडाल्यापासून? परगांवीं मालकाची सभा चालली असतां वैमानिक हॉटेलांत बसून राहिला तो दिवस मोजावयाचा कीं नाहीं? आदल्या संध्याकाळीं बेत रद्द झाला तर काय द्यावयाचें? त्या दिवसासाठीं यानें दुसरें काम नाकारलेलें असतें. प्रवास, निवास, भोजन कोणाच्या खर्चानें? बिल दिल्यापासून किती दिवसांत पैसे? तंटा झाल्यास कोणत्या राज्याचा कायदा? विम्याचीं तीं दोन वाक्यें. आणि शेवटीं एक वाक्य, जें मला सर्वांत मोलाचें वाटतें : हवामान, थकवा, विमानाची स्थिती किंवा उड्डाणाची कायदेशीरता यांपैकीं कोणत्याहि कारणानें मुख्य वैमानिकानें उड्डाण नाकारल्यास त्या दिवसाचें शुल्क बुडणार नाहीं. नियम तर त्याला नाकारण्याचा अधिकार देतोच. परंतु ज्याचें पोट त्या दिवसाच्या रोजावर आहे त्याला तो अधिकार वापरणें किती जड जातें, हें आपण सर्व जाणतों. पगारी वैमानिक आणि रोजावरचा वैमानिक यांच्यांतील खरा भेद मला येथें दिसतो. वादळाच्या दिवशीं ‘नाहीं’ म्हणण्याची किंमत एकाला पडत नाहीं, दुसऱ्याला पडते. ती किंमत करारानें नाहींशी केली तर प्रवाशांचाहि जीव सुरक्षित राहतो.

भाच्यानें हीं कलमें पुढें ठेवलीं. मालकाच्या माणसांनीं प्रथम कुरकुर केली. मग बहुतेक मान्य केलीं. विमा-दलालाचा दाखला येण्यास तीन आठवडे लागले आणि तेवढे दिवस मुलगा घरीं बसून राहिला. त्याच्या आईनें मला फोनवर चार शब्द ऐकविले, ते मीं ऐकून घेतले. नंतर काम सुरू झालें आणि कांहीं महिने नीट चाललें. एके दिवशीं त्याला निरोप आला कीं, उद्यां मालक नाहींत. त्यांचे एक स्नेही जाणार आहेत, आणि ‘खर्चाचें तेच बघणार आहेत’. लेखी करार कांहीं नव्हता. भाच्यानें तीन प्रश्न विचारले, उत्तरें जुळलीं नाहींत, आणि त्यानें नम्रपणें नकार दिला. त्या दिवसाचें शुल्क करारानें मिळालें; पण त्यानंतर त्या मालकाचें बोलावणें आलें नाहीं.

त्यानें मला लिहिलें, ‘मामा, सही करतांना आपण इतकें जपलों, तरी काम गेलेंच.’ मीं उत्तर दिलें कीं, काम गेलें हें खरें, आणि त्या दोन महिन्यांत तुला ओढ लागली हेंहि खरें. पण परवाना तुझ्या खिशांत आहे, विमा-कंपनीचें देणें तुझ्या डोक्यावर नाहीं, आणि कराचा पैसा निराळ्या खात्यांत शिल्लक आहे. आतां तो एका चार्टर कंपनींत पगारावर लागला आहे. पगार कमी आहे, झोंप अधिक आहे, असें त्याची बायको सांगते.

रोजावरचें काम वाईट, असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. ज्याला घरीं अधिक दिवस हवे आहेत, ज्याच्याजवळ सहा महिन्यांची बेगमी आहे, ज्याला चार ठिकाणचें बोलावणें आहे आणि नकार देण्याचें धैर्य आहे, त्यानें तें खुशाल करावें. फक्त सही करण्यापूर्वीं रोजाच्या आंकड्याखालीं एक रेघ ओढावी आणि तिच्याखालीं आज सांगितलेल्या वजाबाक्या एकेक करून लिहाव्या. शेवटीं जो आंकडा उरेल, त्यावर आपलें व आपल्या माणसांचें भागतें कीं नाहीं तें पाहावें, आणि मगच लेखणी उचलावी.